आतली कडी

काय गा अमोल, उद्या बहिणीसाठी खोली पाहाले अमरावतीले चालला म्हणते? बस मंग जराशीक. पौर्णिमा, खोली तुह्यासाठीच ना, तू बी बस. लाइट येईल तवा येईल.

आपल्या पुंजारामचं सांगतो. भुताखेताचं मले काही समजत नाही, मी सुतार माणूस. तोही सुतार. वीस वर्षं आमी दोघांनी एकाच दुकानात रंधा मारला. तो खोटं बोलत नाही, त्याले ते जमतच नाही.

दोन हजार चोवीसची गोष्ट. एकोणीस जून, बुधवार. त्याच्या आकांक्षाले अमरावतीच्या कॉलेजात लॅबच्या कोर्सले नंबर लागला होता. बापलेक खोली पाहाले गेले. पहिली खोली कठोऱ्याकडं, कॉलनीत. शांत, समोर कडुनिंब. पोरगी म्हणे, "बाबा, हेच घेऊ." पण बापाचं मन मानेना. इतक्या शांततेत पोरीनं हाका मारल्या तं ऐकीन कोण?

मंग इतवारा बाजारातली पाह्यली. खाली भांड्याचं दुकान, शेजारी गिला वड्याची गाडी, कपडे, अत्तर, राती दहापर्यंत खांद्याले खांदा. पुंजाराम खुश. "इथं इतकी माणसं हायेत, भेव कायचं?"  पोरगी बापाच्या शब्दाबाहेर कधी जात नव्हती.

सुतार खोली पाह्यते म्हणजे आधी दार पाह्यते. दार सागाचं, पक्कं. पण आतून कडी नाही. हात फिरवला तं चार भोकं, पुट्टीनं बुजवलेली, वरून रंग मारलेला. घरमालक उस्मानभाई म्हणे, "आतून कडी नका लावू, पुंजारामभाऊ. लागली तं मंग खुलत नाही."

पुंजाराम हासला. म्हणे, "मी सुतार हावो, भाई. माही कडी कशी खुलत नाही?"

आता तुमीच सांगा, पोरगी एकटी राहणार, आणि दाराले आतून कडी नाही? कोणता बाप झोपीन? त्यानं खोली घेतली, बाजारातून जाड कडी आणली अन् अडीच इंची स्क्रू मारले. दहा वेळा लावून पाह्यली, दहा वेळा उघडून पाह्यली. लोण्यासारखी सरके.

राती आठ चाळीसले तो खाली जेवणाचं पार्सल आणाले गेला. पाच मिनिटांत परत आला. दार बंद.

"आकांक्षा, उघड."

"बाबा, मी कडी नाही लावली."

"मंग काढ ना."

"निघत नाही, बाबा... कोणीतरी धरून हाय."

त्यानं खांदा मारला. दार हाललं नाही. त्याचंच काम होतं ते, पक्कं... धावत गॅलरीत गेला. खाली वरात. डीजे. हजार माणसं. हा ओरडून राहिला, "वाचवा, माही पोरगी..." एकानं वर पाह्यलं. हासला. हात हालवला... अन् नाचाले लागला.

परत दाराशी आला. कान लावला. आत श्वास ऐकू ये. एक पोरीचा... अन् एक दुसरा. दाराच्या अगदी जवळ. ह्याच्या कानाशी.

उस्मानभाई वर आले. दार पाह्यलं. "लावली कडी?" इतकंच म्हणाले. अन् पायरीवर बसले.

"पहार आणा ना, भाई!"

"मागच्या बारीले आणली होती... थांबा. तीच खोलते, आतली. आतमधी पोरगी जिती हाय ना? मंग थांबा."

पुंजाराम थांबला. काय करीन? बापानं आपल्या हातानं कडी ठोकली, अन् बापच बाहेर.

नऊ वाजून दहाले कडी सरकली. हळूच. लोण्यासारखी.

आकांक्षा खाटेवर. हात गुडघ्यावर. दारापासून पाच पावलं लांब.

"बाबा," म्हणे, "तिले एकटं राहाले भेव वाटते."

त्यानं तवाच कडी काढली, तिथंच टाकली, सकाळच्या पहिल्या गाडीनं पोरीले घेऊन आपल्या अंजनगावले आला. कोर्स गेला. पोरगी घरीच हाय, तुमाले मालूम हाय.

मी डिसेंबरात त्याच्या घरी बसलो होतो. आठ चाळीस झाले. आकांक्षा उठली, आतल्या खोलीत गेली. दार लागलं. अन् मंग... कडी सरकल्याचा आवाज.

पुंजाराम उठला. दारासमोर खाली बसला. रोजच्यासारखा. म्हणे, "बस, देवराव. नवाच्या पुढं खुलते." माहा जीव तुटला रे त्याच्यासाठी. इतका पक्का कारागीर, अन् दारापुढं हात जोडून बसला.

खुललं. पोरगी भायेर आली, पाणी प्याली. मी आत गेलो. ते दार म्याच बसवलं, पंधरा वर्षं झाले. त्याले आतून कडी कधी ठोकलीच नव्हती आमी.

आतल्या बाजूनं हात फिरवला...

चार भोकं. चारही पुट्टीनं बुजवलेली.

पुट्टी ओली होती.