एकोणीस नंबर

चहा घ्या, पण ते फोन आधी उलटे ठेवा. उद्या तुम्ही त्या गोऱ्यांच्या गावात मॅच खेळायला निघालाय, म्हणून सांगतोय. पलीकडच्या घरातला होरेस माहीत आहे ना? गोऱ्यांच्या वसतिशाळेत, आपल्या आदिवासी पोरांना घरातून उचलून न्यायचे तिथं, माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायचा. त्याच्याच तोंडून ऐकलंय हे.

गेल्या फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. होरेस नातीला, रेनाला, घेऊन मॅचला निघाला. येताना पीठ आणि करवतीचं तेल आणायचं होतं, एवढंच. रेना अठराची. बर्फावरची हॉकी अशी खेळायची की बघत राहावं. त्या दिवशी विद्यापीठाचा माणूस खास तिला बघायला येणार होता. पसंत पडली असती तर चार वर्षांचं शिक्षण फुकट, आणि पोरगी इथून सुटली असती.

पसंत कसली पडते! पहिल्या मिनिटापासून गावचे लोक आपली नक्कल म्हणून तोंडावर तळवा आपटून हू-हू करत होते. "रेऽना, रेऽना" म्हणून घाणेरड्या हाका. कॉफी पीत बसलेली एक बाई, चांगल्या घरातली, शेजारणीला म्हणाली, "यांच्या शाळा बंद केल्या, तिथंच चुकलं." होरेस तिच्या मागच्याच बाकावर होता. मग समोरच्या संघातल्या एकीने रेनाला पाठीमागून कठड्यावर आदळलं. पोरगी मिनिटभर उठली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उठून तिने त्या मुलीला एक धक्का दिला, तर पंचाने हिलाच बाहेर काढलं. विद्यापीठाचा माणूस वही मिटून निघून गेला.

सात वाजून दहा मिनिटं. बाहेर मिट्ट काळोख, उणे चौतीस. रेना गाडीत बसली ती नुसतीच. डोळे उघडे, आत कोणी नाही.

आपल्यात काय करतात, ठाऊक आहे ना? माणूस जिथं घाबरला, पडला, तिथून निघताना त्याला नावाने हाक मारायची. चल, घरी चल म्हणायचं. नाहीतर जीव तिथंच राहतो. होरेस उतरून खेळाच्या इमारतीच्या मागच्या दाराशी गेला. पण तिथं गावची टोळकी बिअर पीत उभी. तीच मंडळी, दोन तास तेच नाव चघळणारी. त्यांच्यासमोर पुन्हा ते नाव काढायला त्याची जीभ वळेना. म्हणून मग तिच्या पाठीवरचा नंबरच घेतला, आपल्या भाषेत.

"एकोणीस, चल. घरी चल."

गाढव! शाळेत नऊ वर्षं नन सिस्टरनी आम्हाला नंबरानेच हाका मारल्या. जिभेवर बसलंय ते. आणि खेळायची ती इमारत कुठं बांधलीय? शाळा पाडली, त्याच जागेवर.

रस्त्याला लागले. हीटर पूर्ण चालू, तरी काच आतून गोठायला लागली.

"रेना, पाणी देऊ?"

तिने मान वळवली नाही.

"रेना..."

नाही.

मग होरेस अगदी हळू म्हणाला, "एकोणीस?"

"हजर, सिस्टर."

आवाज लहान मुलाचा. मग आपल्या भाषेत, आणि रेनाला आपल्या भाषेतले दहा शब्द येत नाहीत... "दादा, आई वाट बघतेय?"

शाळेत एकोणीस म्हणजे लिव्हाय. होरेसचा धाकटा भाऊ. सहा वर्षांचा. तापाने गेला असं घरी पत्र आलं. कुठं पुरला ते कोणी सांगितलं नाही. त्याला हाक मारून आणायला कधी कोणी गेलंच नव्हतं. साठ वर्षं.

होरेसने गाडी कडेला घेतली. लिव्हाय इथं बसलाय म्हणजे रेना तिथं राहिली. एका अंगात दोघं मावत नाहीत. अर्धा तास तो भावाशी बोलला. आपली कुत्री आहे का अजून, लिव्हाय विचारत होता. होरेस आहे म्हणाला. काय करील?

मग गाडी वळवली.

पोराला कळलं. "दादा, तिकडे नको ना... मी रडणार नाही."

होरेसने गाडी थांबवली नाही.

मागचं दार. कुलूप. कोणी नाही.

भावाचं नाव घेतलं असतं तर लिव्हाय घरीच निघाला असता, कधीच उतरला नसता. म्हणून त्याने आवाज चढवला. सिस्टरचा आवाज काढला. आम्हा सगळ्यांना तो अजून काढता येतो.

"एकोणीस. खाली उतर."

...

मग हाक मारली, "रेना. चल, घरी चल."

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही रडताय का?"

म्हणून सांगतो, उद्या कोणी कितीही भुंको, निघताना एकमेकांना नावाने हाका मारा. मी होरेसच्या जागी असतो तर काय केलं असतं, ते विचारू नका. विचाराल तर उठून जाईन.

रेनाचे कपडे कोरडे होते. ती बसलेली सीट तेवढी ओली. पोरं भीतीने करतात ना, तसली. होरेसने साबणाने धुतली. जुलैत सीट उखडून काढली आणि पत्र्यावर वाळत टाकली, महिनाभर. काल मी त्या सीटला हात लावून बघितलं...

अजून कोमट आहे.