इंचाला अकरा टाके

दुपारचे चार वाजले की म्हातारा कुत्रा ढब्बू दाराकडे बघत शेपूट आपटायचा आणि नकाशेबाई सुई गोधडीत टोचून ठेवून उठायच्या. मग त्याच्या पोटाखालून जुना टॉवेल घालायचा, मागचं धड अलगद उचलून धरायचं आणि दोन मजले उतरायचे. चाळीस पायऱ्यांना दहा मिनिटं. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत जायचं, ढब्बूने तो खांब जन्मात पहिल्यांदाच पाहिल्यासारखा हुंगायचा आणि परत फिरायचं. सगळं मिळून पाऊण तास.

नकाशेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. जमीन मोजणीच्या कचेरीत एकतीस वर्षं त्यांनी नकाशे काढले, तेव्हा चिकटलेलं हे बिरुद निवृत्तीनंतरही सुटलं नाही. हातातलं पेन जाऊन सुई आली, एवढाच फरक. चौकोन सूतभर तिरका गेला तरी त्या अख्खी ओळ उसवायच्या. पलीकडच्या गल्लीत त्यांची धाकटी बहीण राहायची. "ताई, गोधडी आहे ती, बांधावरचा तंटा नाही," असं ती म्हणायची आणि स्वतःच हसायची. बाई हसत नसत.

आताची गोधडी ढब्बूसाठी होती. कुत्रा बारा वर्षांचा झाला होता आणि त्याच्या मागच्या डाव्या पायाचा खुबा पार झिजला होता. प्राण्यांच्या डॉक्टरांनी हात वर केले होते. "या वयात भूल झेपायची नाही, बाई. ऑपरेशन विसरा. गोळ्या द्या, मऊ जागी झोपवा." बाईंना त्या 'विसरा'चाच राग आला होता. विसरा म्हणे! घरी येऊन त्यांनी खिडकीशी लाकडी चौकट उभी केली, तिच्यावर राखाडी अस्तर ताणलं आणि जुन्या शर्टांचे, पडद्यांचे चौकोन जोडून हाताने धावदोरा घालायला घेतला. मऊ जागा तर मऊ जागा, पण अशी, की त्या डॉक्टरला दाखवावी.

त्या मंगळवारी फिरून आल्यावर बाईंनी चष्मा पुसला, सुई उचलली आणि हात तसाच हवेत राहिला.

एक ओळ जास्त होती.

जाताना त्या सातव्या ओळीच्या टोकाशी थांबल्या होत्या. आता आठवी ओळही पुरी होती. दोरा त्यांचाच, राखाडी. गाठ नीट अस्तरात लपवलेली. बाईंनी पट्टी लावून पाहिलं. त्यांचे टाके इंचाला आठ पडत, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. या ओळीत इंचाला अकरा होते. पहिल्या टाक्यापासून शेवटच्यापर्यंत, एकही लहानमोठा नाही.

दुसरं कुणी असतं तर घाबरलं असतं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात चोर शिरून चार भांडी घेऊन गेला असता तरी त्यांचा इतका संताप झाला नसता. चोर निदान तुमच्या कामात चुका काढत नाही.

"कोण हा उपटसुंभ?" त्या रिकाम्या खोलीला म्हणाल्या. "सांगितलं होतं कुणी?"

आणि टाके उसवायची छोटी आकडी घेऊन त्यांनी ती ओळ साफ उसवली. मधेच ढब्बू झोपेत कण्हला. पायावर पाय पडला असेल, असं म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही.

बुधवारी ओळ पुन्हा होती. बाईंनी पुन्हा उसवली. गुरुवारी त्या बहिणीच्या दारात उभ्या राहिल्या, कारण घराची दुसरी किल्ली जगात एकाच माणसाकडे होती.

"हौस असेल तर समोर येऊन शिव," त्या म्हणाल्या. "पाठीमागे घरात शिरून माझी अक्कल काढायची गरज नाही."

बहिणीला आधी काही कळेचना. कळलं तेव्हा तिने अंगातल्या स्वेटरच्या खालच्या बटणाची जागा दाखवली. तिथे सेफ्टी पिन लावलेली होती.

"ताई, मला बटण लावता येत नाही. आई जन्मभर त्यावरून बोलली, तू जन्मभर बोललीस. आणि मी इंचाला अकरा टाके घालणार?"

"मग किल्ली कुणाला दिलीस?"

बहिणीने आत जाऊन खुंटीवरची किल्ली आणली आणि बाईंच्या तळहातावर ठेवली. "घे. आजारी पडलीस, तर दार फोडून येईन."

दार लागलं. बाई गल्लीच्या टोकापर्यंत आल्या तरी तोंडातल्या तोंडात बोलत होत्या. पण आवाज दर पावलाला बारीक होत गेला. शुक्रवारी त्यांनी कुलूपवाल्याला बोलावून कुलूप बदललं. नव्या कुलपाच्या दोन्ही किल्ल्या स्वतःच्या पर्समध्ये टाकल्या.

आणि त्या दुपारी त्यांनी ढब्बूला राखणीला ठेवलं. त्याला चौकटीशेजारी बसवलं, "कुणी आलं तर फाडून खा," असं बजावलं आणि एकट्याच खांबापर्यंत जाऊन आल्या. आयुष्यात ढब्बूने एक चप्पल सोडून काहीही फाडलेलं नव्हतं, पण आवाज त्याचा दणदणीत होता. पाच घरं जागी करील असा. बाईंनी जाता-येता कान दिला. एकदाही भुंकल्याचा आवाज आला नाही.

कुलूप जसंच्या तसं होतं. आत आठवी ओळ पुरी झाली होती आणि नववी अर्ध्यावर आली होती.

ढब्बू चौकटीखाली पसरला होता. त्याच्या अंगावरचे केस कुणीतरी विंचरले होते. डोक्यावर मधोमध सरळ भांग पाडला होता. शेपूट जमिनीवर हळूहळू आपटत होती, पण तो बाईंकडे बघत नव्हता. तो बघत होता शिवणाच्या खुर्चीकडे. खुर्ची रिकामी होती. त्याची नजर मात्र वर जात होती, खाली येत होती, पुन्हा वर जात होती. बाई शिवायला बसल्या की त्यांच्या सुईच्या हाताकडे तो नेमका असाच बघायचा.

"फितूर!" बाई ओरडल्या. "अन्न माझं खातोस आणि लाड दुसऱ्याकडून करून घेतोस?"

ढब्बू उठून त्यांच्यापाशी आला. रागाच्या भरात एक गोष्ट बाईंच्या ध्यानात यायला वेळ लागला. तो उठला होता. टॉवेलाशिवाय.

चालताना तो डावा पाय जमिनीवर पुरा टेकवत होता. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

बाईंनी ते पाहिलं, आणि तरीही आकडी उचलली. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. एकतीस वर्षं साहेबांनी त्यांच्या नकाशांवर लाल पेन चालवलं होतं. आता स्वतःच्या घरात, स्वतःच्या कुत्र्याच्या गोधडीवर आणखी एक साहेब त्यांना नको होता. नवव्या ओळीच्या टोकाचा टाका त्यांनी आकडीत धरला आणि तोडला.

ढब्बू केकाटला.

बाईंनी वळून पाहिलं. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या भांड्याशी उभा होता. डावा पाय उचललेला.

त्यांनी दुसरा टाका तोडला. कुत्रा खाली बसला आणि स्वतःचा खुबा चाटू लागला.

आता नकाशेबाई पुराव्याशिवाय रेघ ओढणाऱ्या नव्हत्या. त्यांनी आकडी तिसऱ्या ओळीला लावली, जी त्यांनी स्वतः घातली होती. टाका तोडला. ढब्बूने मान वर केली नाही. आणखी एक तोडला. काही नाही. मग त्यांनी आकडी पुन्हा नवव्या ओळीवर नेली आणि नुसती टेकवली. तोडलं नाही.

ढब्बू अंग चोरून थरथरू लागला.

बाईंनी आकडी खिडकीतून बाहेर फेकून दिली.

शनिवारी सकाळी डॉक्टरांनी ढब्बूला टेबलावर निजवलं, खुब्यावरचे केस बाजूला केले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कुठे करून घेतलंत ऑपरेशन?"

"कुठेच नाही."

"बाई, मी नको म्हटलं म्हणून दुसरीकडे गेलात, हरकत नाही. पण खोटं कशाला?" त्यांनी दिवा जवळ ओढला. कातडीवर केसाइतकी बारीक, सरळ रेघ होती. बहुतेक भरून आलेली. "सांधा फिरवून बघतोय मी. नव्यासारखा आहे. आणि टाके असे, की वीस वर्षांत मला एकदाही घालता आले नाहीत. दोरा मात्र आमच्याकडचा नव्हे. साधा शिवणाचा वाटतो. राखाडी."

बाई दिव्याखाली वाकल्या.

"टोकाचे दोन उसवलेत. ताजे आहेत. घालून देऊ का?"

बाईंनी ते दोन टाके पाहिले. त्यांचे गाल तापले. लाजेने तापले की रागाने, त्यांनाही सांगता आलं नसतं.

"नको," त्या म्हणाल्या. "ज्याचं काम त्यानेच पुरं करावं."

घरी येऊन त्यांनी ढब्बूला चौकटीशेजारी ठेवलं. सुईत राखाडी दोरा ओवला, ती अर्ध्या ओळीपाशी टोचली आणि रिकाम्या खुर्चीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ऐका. कुत्रा माझा. गोधडी माझी. घर माझं. कुणाच्या कुत्र्याला हात लावायचा तर आधी विचारायची रीत असते, मग तुमचा हात कितीही चांगला असो. माझी बहीण माझ्याशी बोलत नाहीये, तेही तुमच्यापायी. तुम्ही केलंत ते चांगलं केलंत. पण न विचारता केलंत. ते मला चालत नाही." त्यांना धाप लागली. "आता एवढं पुरं करा. आणि निघा."

त्या बाहेर गेल्या, दार ओढून घेतलं आणि पहिल्या पायरीवर बसल्या.

बराच वेळ काही नव्हतं. मग आतून दोरा कापडातून ओढला जाण्याचा तो लांब, कोरडा आवाज आला. सुर्रर्र. थांबला. पुन्हा आला. मधेच ढब्बूचा सुस्कारा. हात इतका एका लयीत चालला होता, की ऐकता ऐकता बाईंना आपलाही श्वास त्याच लयीत चालल्याचं जाणवलं. त्यांना त्याचाही राग आला, आणि त्यांनी मुद्दाम खोकून लय मोडली.

आतला आवाज क्षणभर थांबला. मग आपल्या गतीने पुढे सुरू झाला.

त्या संध्याकाळी ढब्बू चाळीस पायऱ्या धावत उतरला आणि बाई मागून ओरडत राहिल्या. रविवारी त्या बहिणीकडे गेल्या, नव्या कुलपाची एक किल्ली तिच्यासमोर आपटली आणि म्हणाल्या, "चूक माझी होती. यापेक्षा जास्त बोलणार नाही." बहिणीने चहा ठेवला. स्वेटरचं बटण बाईंनी तिथेच बसून लावून दिलं, आणि पहिल्यांदाच टाके मोजले नाहीत.

गोधडी ढब्बूखाली गेली. चौकट सुटी होऊन कपाटामागे गेली. तीन आठवडे घरात कुणीही काहीही शिवलं नाही. बाईंना वाटलं, बोललेलं कळलं म्हणायचं. कुणालाही चार शब्द खडसावून सांगितले की कळतात.

चौथ्या सोमवारी सकाळी आंघोळीला जाताना त्यांनी अंगातलं काढलं आणि आरशात नजर गेली.

छातीच्या डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, एक निळी रेघ होती. शिंपी कापडावर खडूने ओढतो तशी. चार बोटं लांब. तिच्यावर ठरावीक अंतराने आडव्या बारीक खुणा.

तिथे त्यांना कधीच काही दुखलं नव्हतं.

बाईंनी टॉवेल ओला करून घासलं. मग साबण लावून घासलं. कातडी लाल झाली, रेघ तशीच राहिली. पट्टी लावल्यासारखी सरळ. त्यांनी मुकाट्याने ब्लाउज चढवला, बटणं लावली. एक बटण चुकीच्या काजात गेलं. चांगलं ठणकावून विचारायचं ठरवूनच त्या बाहेर आल्या.

कपाटामागची चौकट पुन्हा खिडकीशी उभी होती. तिच्यावर काहीच ताणलेलं नव्हतं.

ढब्बू तिच्याशेजारी बसला होता, खुर्चीकडे तोंड करून. शेपूट हलत होती.

"विचारायचं सांगितलं होतं मी—" बाई म्हणाल्या, आणि त्यांची नजर चौकटीच्या कडेवर अडली.

चौकटीच्या लाकडात सुई टोचलेली होती. तिच्यात दोरा ओवून ठेवला होता, पण या वेळी टाका एकही घातला नव्हता. राखाडी नव्हे. हा रंग बाईंच्या डब्यात कधीच नव्हता.

त्यांनी हात पुढे केला आणि मनगट दोऱ्याजवळ धरलं. खिडकीतून भरपूर उजेड येत होता. दोरा कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते, ते दिसत नव्हतं.