शेपटीवाला उजेड

“दे पीळ! अजून दे! बस्स!”

रश्मी ओरडली आणि तिच्या भावाने, अनिकेतने, माउसवरचं बोट उचललं. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर आधी नुसते पांढरे ठिपके होते. दोघांनी ते पसरवले, धूसर केले, नारिंगी रंगवले, आणि आता पीळ बसताच त्यांची गरगरणारी वावटळ झाली!

“शी! माझं कोपर लागलं,” अनिकेत म्हणाला. उजेडाचा एक पट्टा बाहेर येऊन वर वळला होता, माकडाच्या शेपटीसारखा.

“राहू दे रे! शेपटीवाला उजेड!”

तेवढ्यात दोघांचे बाबा, म्हणजे गावाचे देवेशकाका, डोकावले. डहाणू स्टेशनजवळचा हा फोटो स्टुडिओ त्यांचाच. “झकास! सेव्ह करून ठेवा, कामाला येईल.”

कामाला आला, पण भलत्याच!

अक्षय तृतीया होऊन गेली आणि एका सकाळी रश्मीची वर्गमैत्रीण सुनिता धापा टाकत स्टुडिओत शिरली. तिचे वडील लाहू रानशेतला मनिषशेठ या गुजराती व्यापाऱ्याच्या गवताच्या वखारीत कामाला होते.

“शेठनं बापाला काढला! संध्याकाळपर्यंत खोली खाली करायची!”

“पण का?”

“अक्षय तृतीयेला गवत दाबायच्या नव्या मशीनची पूजा होती ना? त्याच रात्री गंजी जळाली. शेठ बोलतो, तुझ्या बाबांनी काढलेल्या पूजेच्या फोटोतच आग दिसते, लाहूनंच विडी टाकली! माझा बाप विडी ओढतच नाय गं!”

तिने फोटो पुढे केला. हातात नारळ धरून लाहू ताठ उभा होता. मागे गवताच्या गठ्ठ्यांजवळ नारिंगी लोळ. आणि त्या लोळाला शेपटी!

रश्मीने शेपटीवर बोट ठेवलं. “अनिकेत, ही आग नाही. हा आपला उजेड आहे!”

“बाबांनी तो इथे कशाला चिकटवला?”

विचारणार कुणाला? बाबा लग्नाचे फोटो काढायला वापीला गेलेले, फोनही उचलत नव्हते. अनिकेतने तो फोटो कॉम्प्युटरवर उघडला. उजेड वेगळ्या थरावर होता. रश्मीने तेवढाच थर लपवला आणि खाली दिसले... वाकलेले मनिषशेठ, कॅमेऱ्याकडे भली मोठी पाठ करून!

अनिकेत खो खो हसत सुटला. “म्हणून झाकलं बाबांनी!”

“हसू नको! त्यांच्या हातात बघ!”

चित्र मोठं केलं. शेठच्या बाजूला लांबवलेल्या हातात पेटती उदबत्ती, तिच्या टोकाशी फटाक्यांची माळ. अगदी गवताला खेटून!

“लाईट जायच्या आत प्रिंट काढ!” रश्मी म्हणाली. “आणि पूजेतला शेठचा एखादा ऐटबाज फोटोही उघड. मला एक गंमत करायचीय.”

आईला सांगून तिघांनी रानशेतची एसटी पकडली. वखारीच्या अंगणात लाहूची भांडी आणि गोधड्या येऊन पडल्या होत्या. चार माणसं जमली होती. शेठ खुर्चीत बसले होते.

“शेठ, फोटो कधी खोटं बोलतो का हो?” रश्मीने विचारलं.

“कदी नाय! फोटो एटले फोटो!”

“मग हा बघा.”

शेठनी बघितलं. त्यांच्या टोपीतून आगीचा लोळ निघत होता! माणसं फिदीफिदी हसली.

“शुं वात करे छे! माझी टोपी कदी पेटली?”

“लाहूकाकांच्या मागे पेटलं ना, तसंच!” रश्मीने लाहूचा फोटो शेजारी धरला. “ दोन्हीकडे हीच शेपटी बघा. हा उजेड आम्ही कॉम्प्युटरवर बनवलाय! आणि त्याच्याखाली काय होतं, ते इथे आहे.”

तिने दुसरा फोटो हातात दिला. शेठनी चष्मा लावला. फोटो डोळ्यांजवळ नेला.

“आ तो हुं छूं, हा तर मीच,” ते हळूच म्हणाले. “माळ मीच लावली. लाहू बोलला पण होता, शेठ, लांब लावा. मी ऐकला नाय. ठिणगी आत गेली असेल, रात्रीपर्यंत धुमसली असेल.”

ते उठले आणि सगळ्यांसमोर त्यांनी हात जोडले. “लाहू, भूल माझी झाली.” मग हंडा उचलून स्वतःच खोलीत नेऊन ठेवला. सुनिता रडता रडता हसायला लागली.

“मोठ्यांनी घोळ घातला आणि पोरांनी निस्तरला!” एक म्हातारे कौतुकाने म्हणाले. “शाबास रे!”

शेठ लाहूचा तो शेपटीवाला फोटो फाडणार, तोच लाहूने हात धरला. “नको, शेठ. मना दे. घरात लावन.”

“अरे, ह्याच्यामुळे तर तुझी बदनामी झाली!”

“झाली. आन ह्यानंच माझी पोरगी ना तिचे दोस्त कवढे हुशार, ते गावाला दिसला.”

दुसऱ्या दिवशी वापीहून परतलेल्या बाबांनी सगळं ऐकून कान पकडले आणि स्वतः रानशेतला जाऊन तो फोटो फ्रेम करून दिला. आता लाहूच्या खोलीत तो दारासमोरच लटकतो. कुणीही आलं, की लाहू त्याच्याखाली ताठ उभा राहतो आणि सांगतो, “मागचा उजेड आमच्या पोरांनी बनवलाय. शेपटीसकट!”