चौकातला डबा

स्वप्नील, ते चौकाकडचं दार जरा लोटून घे. बंद नको करू, नुसतं लोट. माळा राहू देत, देवीला उद्या सकाळी चढवायच्या आहेत, रात्र पडलीय. आणि दीपिका, तू मघाशी हसलीस ना? वैभवच्या पोराला ‘धोंडू’ म्हणून हाक मारली तेव्हा? हस बाई. वर्षाचं होत आलेलं गोरंगोमटं पोर, बाप कॉम्प्युटरवाला, आई बँकेत, आणि नाव धोंडू. हसू येणारच. बारशाच्या दिवशी मी कसा भर पाळण्यासमोर ओरडलो, तेही ऐकलं असेल तुम्ही. रघुवीरकाकांना वेड लागलं, असं तेव्हा अख्खी चाळ म्हणत होती. कोणी कारण विचारलं नाही. आज तुम्ही विचारलंत, तर सांगतो.

गेल्या वर्षीची दोन ऑक्टोबर. बुधवार, गांधी जयंतीची सुट्टी. त्याच दिवशी सर्वपित्री अमावस्या. दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते, म्हणून मी आणि वैभव दादरला जाऊन झेंडू, परडी आणि घटाची माती घेऊन आलो. त्याच्या बायकोला, आकांक्षाला, नववा महिना लागला होता. तेव्हा ते दोघं चाळीत येऊन सहा वर्षं झाली होती. तिसऱ्या मजल्यावर आमच्या शेजारचीच खोली. पहिलं मूल पाच महिन्यांचं असताना पोटातच गेलं होतं, त्यामुळे या खेपेला आकांक्षा फार जपून होती. जिन्यावर पाऊल टाकतानासुद्धा पोटावर हात असायचा. मला त्या मुलीची माया आहे, लपवत नाही.

गल्लीच्या तोंडाशी मला बडीशेप घ्यायची होती, म्हणून वैभव पुढे गेला. मी आलो तेव्हा पावणेआठ झाले होते. चौकात पाय ठेवला आणि वर गॅलरीत हसण्याखिदळण्याचा आवाज. दोघं नाव शोधत होती. मोबाइलवर शंभर नावं काढलेली. त्यात आमच्या ललिताने, म्हणजे तुमच्या काकूने, त्यांना एक खूळ घालून दिलं होतं. चाळीतल्या पोराचं नाव कसं पाहिजे, तर तिसऱ्या मजल्यावरून मारलेली हाक खाली चौकापर्यंत पोचली पाहिजे. नाही पोचली तर पोर जेवायला वर येत नाही. म्हणून वैभव कठड्याला रेलून एकेक नाव खाली सोडून बघत होता.

“वरदऽ!”

“नाही रे, मध्येच पडलं,” आकांक्षा म्हणाली.

पितृपक्षात बाळाचं काही ठरवू नये, घेऊ नये, एवढं या मुलांना माहीत नसेल असं नाही. पण सुट्टी होती, गंमत चालली होती. आणि वैभव पडला मूळचा देवगडचा. आजीकडून ऐकलेली मालवणी त्याच्या तोंडात बसलेली. त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि अगदी जुन्या बायका मारायच्या तशी हाक मारली.

“शंतनूऽऽ! घराक ये रेऽ!”

आणि खालून उत्तर आलं.

“आलोऽ!”

वर दोघं खळखळून हसली. “बघ, पोचलं!” आकांक्षा म्हणाली. “हेच ठेवू या!” त्यांना वाटलं, खालचं कोणतरी पोर चेष्टा करतंय.

खाली मी होतो. एकटा. तो आवाज माझ्या डाव्या हाताला, जिन्याखालून आला. इतका जवळून, की मी पटकन बाजूला सरकलो... त्याला वाट द्यायला.

जिन्याखाली कोणी नव्हतं.

आता इथे मला पन्नास वर्षं मागे जावं लागेल. आमच्या लहानपणी या चौकात डबा ऐसपैस खेळायचे. तुम्हाला ठाऊक नसेल. खडूचं रिंगण काढायचं, मधे पत्र्याचा डबा ठेवायचा. एकाने डबा लांब भिरकावायचा. ज्याच्यावर राज्य, त्याने तो उचलून आणून रिंगणात ठेवायचा. तोवर बाकीचे लपणार. मग एकेकाला शोधायचं, दिसला की धावत येऊन डब्यावर हात आपटून ओरडायचं, ‘अमका ऐसपैस!’ नाव घेतलं की तो सापडला. आणि जो पहिला सापडेल, त्याच्यावर पुढचं राज्य. मधेच कोणी डबा उडवला, तर शोधणाऱ्यावरच पुन्हा राज्य. एवढाच खेळ.

चौऱ्याहत्तर साल. अशीच सर्वपित्रीची संध्याकाळ. मी नऊ वर्षांचा. राज्य माझ्यावर होतं. खेळात आम्ही सात जण, त्यात एक शंतनू. बाप गिरणीत, आई जाईबाई. पोथीत ऐकलेलं नाव तिने हौसेने ठेवलं होतं. एकुलता एक. पळताना आवाज नको म्हणून तो चपला जिन्याखाली काढून ठेवायचा. निळ्या पट्ट्याच्या रबरी चपला, उजवीचा पट्टा तुटलेला. माझ्या आईच्या बांगडीला अडकवलेली पिन काढून मीच त्याला लावून दिली होती.

एकेकाला घरून हाका आल्या. पोरं सापडायच्या आधीच वर गेली. मलाही आईने हाक मारली. घरात खीर होती, वडे होते. शंतनू अजून सापडला नव्हता. मी काय केलं? डबा तिथेच टाकला आणि गेलो जेवायला.

पानावर बसलो आणि बाहेर गॅलरीतून जाईबाईची हाक ऐकली. “शंतनूऽ, घराक ये रेऽ!” खालून तो म्हणाला, “आलोऽ!” हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

तो आला नाही.

रात्रभर शोधलं. गल्लीत कापसाच्या गाठींची एक गाडी उभी होती, तिच्यात चढला असेल म्हणून माणसं कॉटन ग्रीनच्या गोदामांपर्यंत जाऊन आली. काही मिळालं नाही. जिन्याखाली चपला तेवढ्या होत्या. जाईबाईने त्या नेऊन आपल्या दाराशी ठेवल्या, टाचा बाहेर, पुढची बाजू दाराकडे. घरात आलेल्या माणसाच्या असतात तशा. पुढली अकरा वर्षं, गावी जाईपर्यंत, ती रोज संध्याकाळी हाक मारायची. आम्ही पोरं तेवढा वेळ कान झाकून बसायचो. आणि राज्य माझ्यावर होतं, मी खेळ अर्धा टाकून गेलो, हे मी कोणालाही सांगितलं नाही. ललितालासुद्धा नाही. तिला आज, तुमच्यानंतर सांगणार आहे.

जाईबाईची खोली कोणती, ते कळलं ना? बरोबर. आज वैभव राहतो तीच.

तर गेल्या वर्षी गुरुवारी सकाळी मी दुधाला खाली उतरलो. जिन्याखाली चपला होत्या. लहान मुलाच्या, निळ्या पट्ट्याच्या. मी वाकून बघितलं नाही. सरळ दुधाला गेलो.

शुक्रवारी त्या पहिल्या मजल्यावर होत्या.

वैभवने बघितल्या, कोणीतरी टाकल्यात म्हणून उचलून कचऱ्याच्या डब्यात घातल्या. शनिवारी दुसऱ्या मजल्यावर. तो माझ्याकडे आला. “काका, ह्या कोणाच्या हो? काल मी स्वतः फेकल्या होत्या.”

मी म्हणालो, “असतील कोणाच्या तरी.”

साठीला आलेला माणूस मी, आणि तेव्हाही खोटं बोललो. त्याच संध्याकाळी आकांक्षा ललिताला म्हणाली, “काकू, बाळ आज कमी हलतंय.” ललिताने तिला लिंबूपाणी दिलं, डाव्या कुशीवर झोपवलं. थोडं हललं. रविवारी सकाळी चपला तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी. रविवारी दुपारी बाळ दोनदा हललं. संध्याकाळी एकदा.

रात्री दहानंतर हललंच नाही.

वैभव टॅक्सी घेऊन आला. जाताना आकांक्षाने माझा हात धरला. “काका, ह्याही वेळी तसंच नाही ना होणार?” तिचा हात गार पडला होता. मी तिला टॅक्सीत बसवलं. वैभव, त्याची बहीण वैशाली आणि ललिता तिला घेऊन गेले. मी घर सांभाळायला राहिलो.

दोन वाजून वीस मिनिटांनी वैभवचा फोन. “काका, आत घेतलंय तिला, सिझर करणार आहेत. ठोके फार मंद आहेत म्हणे. जुनी फाइल घरी राहिली. किल्ली तुमच्याकडे आहे ना? लवकर या हो...”

किल्ली घेतली. बाहेर आलो.

गॅलरीतला दिवा चालू होता. त्यांचं दार माझ्या दारापासून सहा पावलं.

चपला दाराशी होत्या.

टाचा बाहेर. पुढची बाजू दाराकडे.

उजव्या पट्ट्याला पिन. गंजलेली. माझ्या आईची.

मी किल्ली पुढे केली. हात कुलुपापर्यंत जाईना. दाराच्या आणि माझ्या मधे कोणीतरी उभं होतं. दिसत नव्हतं... पण होतं. धावून आलेल्या पोराचा श्वास चालतो ना, तसा. माझ्या कमरेच्या उंचीवर.

तो बाळात यायला आला होता, की बाळाला न्यायला, मला आजही ठाऊक नाही. नाव तेच. हाक तीच. घर तेच. आईने बोलावलं, तो आला. त्याचं काय चुकलं?

चुकलं होतं माझं.

“शंतनू...” मी म्हणालो. “अरे, मी रघू.”

श्वास थांबला.

मी खाली वाकलो. रिंगण नव्हतं, डबा नव्हता. उंबऱ्यावरच हात आपटला. पन्नास वर्षांपूर्वी ओरडायला पाहिजे होतं, ते ओरडलो.

“शंतनू ऐसपैस!”

...

काही नाही.

...

किती वेळ गेला, सांगता येत नाही. डोळे मी मिटून घेतले होते. फोन वाजला तेव्हा उघडले. वैभव रडत होता. “काका, मुलगा! आधी रडलाच नाही हो. डॉक्टरांनी पाठीवर चोळलं, काही नाही. आणि मग एकदम... टाहो फोडला. आत्ता, आत्ताच!” मागून ते रडणं मला ऐकू येत होतं.

मी खाली बघितलं. चपला वळल्या होत्या. पुढची बाजू जिन्याकडे. फाइल घेऊन बाहेर आलो तेव्हा त्या नव्हत्या.

पुढे बाराव्या दिवशी बारसं. ‘शंतनू’ नको, एवढं मी वैभवला चपलांवरून पटवलं होतं. तो काही न विचारता हो म्हणाला. पण त्यांनी परस्पर दुसरंच ठरवलं. काकांनी त्या रात्री धावपळ केली, काकांचा पायगुण, म्हणून त्यांचंच नाव. मला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. वैशाली पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि बायकांपैकी कोणीतरी मला हसत म्हणालं, “ऐका हं, रघुवीर येतोय.”

मी ओरडलो. “माझं नाव नको! त्याला माझं नाव देऊ नका!” वैशालीचा खांदा धरून तिला मागे ओढलं. आकांक्षा रडायला लागली. अपशकुन केला म्हणून दोन महिने बोलली नाही माझ्याशी. बोलू नये तिने. पण मी काय सांगणार होतो?

अरे, पहिला सापडला त्याच्यावर राज्य येतं ना?

मी त्याचं नाव घेतलं. आता शोधणार तो. आणि त्या संध्याकाळच्या खेळात राहिलंय कोण? सातातले पाच गेले, एक तो. उरलेल्या भिडूचं नाव रघुवीर. ते नाव मी त्या तान्ह्या पोराच्या कानात पडू देऊ? मी वैभवला म्हटलं, धोंडू ठेव. आपल्याकडे मुलं जगत नसली की धोंडू ठेवायची जुनी रीत आहे, एवढंच सांगितलं. खरं कारण निराळं होतं. त्या खेळात धोंडू नावाचं कोणी नव्हतं.

एवढं सांगितल्यावर आता बरं वाटतंय. घाबरू नका, तुमच्यापैकीही कोणी नव्हतं त्यात.

आज एकवीस सप्टेंबर, पुन्हा सर्वपित्री. मघाशी दिवे लागायच्या वेळी मी खाली आलो, तर चौकात खडूचं रिंगण होतं. मधे तुपाचा जुना पत्र्याचा डबा, एका बाजूला चेपलेला. तुमच्यापैकी कोणी ठेवला का रे?

... नाही ना?

कोणी त्याला लाथ मारू नका. डबा उडवला तर त्या पोराला राज्य पुन्हा घ्यावं लागेल, आणि आधीच फार थांबलाय तो. वरून ललिता जेवायला बोलावतेय मघापासून, ऐकतोय मी. पण एकदा खेळ अर्धा टाकून गेलो, आता नाही जाणार.

आणि दीपिका, हे तुझ्याकडे ठेव. धोंडूच्या झबल्याला नको लावू, नुसती ठेव. डब्यात वाकून बघितलं तेव्हा तळाशी होती. गंज बघ किती चढलाय. ही पिन.