कोरडी भरती

गल्लीत चौदा घरं होती. चौदाही घरांच्या तळमजल्यांना कुलपं, आणि चौदाही घरांच्या वरच्या खिडक्यांत वाळत घातलेले कपडे. लेकीने दोनदा मोजलं, कारण तिला तळमजलाच हवा होता.

शहर जुनं, समुद्राकाठचं. उतरण्याजोग्या वस्त्या तीन. किल्ल्याखालची टेकडी देखणी, पण सगळी पायऱ्यांची. बाजारपेठेत कान किटवणारा गलका. उरली ही जुन्या धक्क्याची वस्ती, तळहातासारखी सपाट. आईचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले, शस्त्रक्रिया तोंडावर आलेली. त्याआधी चार दिवस समुद्राच्या गावी काढायचे, एवढं एकच मागणं आईने जन्मात केलं होतं. ते पुरं करायचंच, असं लेकीने मनाशी पक्कं केलं होतं.

“तळमजला आम्ही देत नाही,” मालकीणबाई म्हणाल्या.

“ओल आहे का?”

“छे, ठणठणीत कोरडा आहे. भरती येते ना तिथे.”

लेकीने गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. एके काळी इथे होड्या लागत. पुढे भराव पडला आणि समुद्र मैलभर लांब गेला. “समुद्र तर केव्हाच मागे हटलाय.”

“ते आम्हाला माहितीय हो. त्याला कोण सांगणार?”

आई खुदकन हसली. “आमच्या शास्त्रज्ञबाई सांगतील की!”

लेक हट्टाला पेटली आणि किल्ली घेऊनच हलली. “बरं, राहा,” मालकीणबाई म्हणाल्या, “पण अमावास्येला दुपारच्या आत वर या. उधाण असतं.”

पहिल्याच दुपारी आईच्या रबरी चपला आपोआप सरकत सरकत भिंतीला जाऊन लागल्या. फरशीला उतार असेल, असं म्हणून लेकीने किल्ल्यांचा जुडगा खाली ठेवला. तो जागचा हलला नाही. पाण्याची रिकामी बाटली ठेवली. ती निघाली. तरंगणारं तेवढंच सरकत होतं, आणि फरशी हाताला कोरडी लागत होती.

“अगं ए,” आई म्हणाली. ती काठी न घेता उभी होती. “मला गुडघेच नाहीत असं वाटतंय!”

ती खोलीभर हिंडली. लेकीने सामान तोलायचा काटा काढून बॅगेला अडकवला. गल्लीत बारा किलो. खोलीत सात. पुन्हा गल्लीत बारा. संध्याकाळी खोलीतही बारा, आणि आई पुन्हा काठीवर.

कारण सापडेना, पण आईला आराम पडला होता. लेकीने त्यातच समाधान मानलं. आई दुपारची वाट पाहू लागली. जेवणावरून तिचं मन उडालं. हाक मारली की ओ यायची, पण जरा उशिरा, विहिरीच्या तळातून यावी तशी.

अमावास्येला सकाळीच लेकीने बॅग वर नेऊन ठेवली. “आई, चल. मी धरते.”

“तू जा. इतक्या वर्षांनी हे अंग माझं वाटतंय.”

“आई, हट्ट नको.”

“कुणावर गेलेय गं मी? तुझ्यावरच!”

समजावण्यातच सकाळ सरली. लेक घाईने वर अंथरूण घालायला गेली. आईला उचलून आणावं लागलं तरी आणायचं, हे तिने ठरवलं होतं. ती खाली आली तेव्हा दुपार भरली होती.

चपला छताला लागल्या होत्या.

आई खुर्चीत नव्हती. खुर्चीच्या हातभर वर होती, बसलेलीच. केस मोकळे, वरच्या दिशेने पसरलेले. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर हसू.

लेकीने तिचं मनगट पकडलं, खाली ओढलं, कवेत घेतलं आणि जिन्याकडे निघाली.

जिन्याच्या मध्यावर तिचे स्वतःचे पाय जड झाले. वरच्या पायरीवर धाप लागली, घाम फुटला.

आई मात्र हातात उशीसारखी होती.

“एकटीने आणलंत?” मालकीणबाईंनी विचारलं. उत्तराची वाट न पाहता त्यांनी एकेक करून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.

“गुडघे दुखत नाहीत गं,” आई म्हणाली.

लेकीने काटा काढला. आधी बॅग तोलली. बारा किलो. काटा बरोबर होता. मग तिने शालीची झोळी केली.

आई भरली दोन किलो आठशे ग्रॅम.