बटाटो, मिरी आणि मागची सीट

कुत्री आधी आत शिरली, मालक मागाहून आला.

कारापूर तिस्कावरच्या, म्हणजे तिठ्यावरच्या, आपल्या दुकानात सेजल दुधी रंगाचं कोरं रेक्झिन जमिनीवर अंथरून खडूने रेघा मारत होती. बाहेरच्या चिखलातून एक काळंभोर ध्यान आलं, ऐटीत त्या रेक्झिनवर चालत गेलं आणि बरोबर मधोमध बसून तिच्याकडे बघत शेपटी हलवायला लागलं.

"मिरी... अगो, उठ तिथून," दारातून आवाज आला.

सेजलने वर पाहिलं. एक उंच तरुण, अर्धा भिजलेला, आणि त्याच्या काखेत एक तपकिरी, गोलमटोल म्हातारा कुत्रा. भाजीची पिशवी धरावी तसा त्याने तो धरला होता.

"हा बटाटो. याला पायऱ्या चढवत नाहीत," तो म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"मी गौरेश. मला चढवतात."

आता रागवायचं की हसायचं? रेक्झिनवर चिखलाचे पंजे उमटले होते, म्हणजे रागवायलाच हवं होतं. पण मेलं हसूच आधी आलं, आणि एकदा हसल्यावर माणूस कसला रागावतो.

गौरेश डिचोलीला वीज खात्यात नोकरीला होता. दर शनिवारी हळर्णच्या कुळागरात, आपल्या पोफळी-केळीच्या बागेत, जायचा. केळीवर माकडं उतरतात म्हणून ही दोघं सोबत. मिरी माकडांच्या मागे धावायची, बटाटो झोपून भुंकायचा. परतताना सगळा चिखल मागच्या सीटवर. आणि सोमवारी त्याच सीटवरून त्याची आई, रुक्मिणीबाई, नार्व्याला देवळात जायची.

"गेल्या सोमवारी आईच्या रेशमी साडीला मिरीचे एवढे केस लागले, की देवळात बायका विचारायला लागल्या, नवीन नक्षी कुठची म्हणून," तो म्हणाला. "आता एक तर कव्हर, नाहीतर कुत्रे घरी, असं आईने सांगितलंय. मला ते चकचकीत रेक्झिनचं द्या."

"रेक्झिन नको. उन्हात तापतं, आणि ब्रेक मारलात की बटाटो घसरून पायदळी."

"मग?"

"वर जाड सुती, खाली पाणी न झिरपणारं कॅनव्हास." सेजल आता रंगात आली. "आणि नुसतं अंथरायचं नाही. पुढच्या हेडरेस्टपासून मागच्या हेडरेस्टपर्यंत झोळी बांधायची. कुत्रा खाली पडत नाही. मध्ये चेन घालते. सोमवारी अर्धं कव्हर उघडून दुमडायचं, आईंना स्वच्छ जागा."

गौरेश कापडाकडे बघतच नव्हता. "तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला.

तिने बटाटोच्या पोटावरून टेप फिरवली, मिरीचे पंजे हातात घेऊन पाहिले. नखं नीट गोल कापलेली होती. कुत्र्याची नखं इतक्या निगुतीने कापणारा माणूस... सेजलने टेप गुंडाळून ठेवली आणि पुढचा विचार मुद्दाम केला नाही.

आता दुकानातल्या एका खिळ्याचं सांगायला हवं.

दुकान तिच्या वडिलांचं, सगुणचं. खाणींच्या ट्रकांच्या सीटा शिवायला तो तरुणपणी दोडामार्गहून आला. खाणी थांबल्या, ट्रक उभे राहिले, मग तो मोटारींची कव्हरं शिवायला लागला. यंदा डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि मशीन सेजलकडे आलं. पण अट घालून. परत आलेल्या प्रत्येक कामाची चिठ्ठी लिहायची आणि भिंतीवरच्या खिळ्याला टोचायची. "गणपतीच्या चवथीपर्यंत तीन चिठ्यो झाल्यो काय दुकान भाड्यान देतलंय," सगुणने बजावलं होतं. मोबाईलवाला एक भाडेकरू टपूनच बसला होता. सेजलला या दुकानाखेरीज दुसरं काही नको होतं. मशीनचा आवाज, खडू, नव्या कापडाचा वास... हे गेलं तर पणजीला कुणाच्या तरी काउंटरमागे दिवसभर उभं राहायचं, या कल्पनेनेच तिचा जीव कासावीस व्हायचा. आणि खिळा अजून रिकामा होता.

कव्हर झालं. शनिवारी गौरेश ते घेऊन गेला आणि पुढच्या गुरुवारी परत घेऊन आला.

"इथे जरा उसवलं," तो म्हणाला, भलतीकडेच बघत.

सेजलने शिवण उलटी केली. उसवलेल्या दोऱ्याची टोकं लांब असतात, विसकटलेली असतात. ही टोकं आखूड होती, एकसारखी, पात्याने कापावी तशी. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिने मान वर केली नाही.

"मिरीची नखं लागली असतील," ती म्हणाली.

"हो... नखंच."

"मग कापा ना नखं."

"परवाच तर कापली—" तो म्हणाला, आणि गप्प झाला.

सेजलने खाली मान घालून टाके घातले. तोवर तो स्टुलावर बसून कुळागरातल्या माकडांच्या गोष्टी सांगत राहिला. तो गेल्यावर तिने चिठ्ठी लिहून खिळ्याला टोचली. नियम म्हणजे नियम. आणि "बाबा, गिऱ्हाईकाने आपणच कापलं," असं सांगावं, तर बाबांनी विचारलं असतं, का म्हणून? त्याचं उत्तर सेजलने कुठल्या तोंडाने द्यायचं?

पंधरा दिवसांनी दुसरी चिठ्ठी. त्या दिवशी गौरेश येताना गरम उंडे, म्हणजे गोल पाव, घेऊन आला. दोघांनी चहात बुडवून खाल्ले, एक बटाटोने न विचारता खाल्ला. जाताना गौरेश दारात घुटमळला. "एक सांगायचं होतं..."

"काय?"

"काही नाही. शिवण छान झालीय."

"ती उसवली म्हणूनच आलात ना?" सेजल म्हणाली. तो गेला आणि ती एकटीच हसत बसली. रात्री मात्र खिळा आठवला आणि हसू मावळलं. या माणसाला सांगावं का? पण सांगून थांबवलेला माणूस मग परत कशाला येईल? नाही. त्याने आपण होऊन बोलायला हवं.

चवथीला आठ दिवस उरले असताना तो तिसऱ्यांदा आला. काखेत बटाटो, खांद्यावर कव्हर.

सेजलने शिवण पाहिली. पुन्हा तीच आखूड टोकं. तिने मुकाट्याने कागद ओढला आणि लिहायला घेतलं, पण अक्षर काही सरळ येईना.

"काय झालं?" गौरेशने विचारलं. "त्या चिठ्ठ्या कसल्या?"

"परत आलेल्या कामाच्या. तीन झाल्या की बाबा दुकान भाड्याने देणार." तिने चिठ्ठी खिळ्याला टोचली. "ही तिसरी."

गौरेशने बटाटोला काखेतून खाली ठेवलं. तो काही बोलणार, तेवढ्यात काळा चष्मा लावलेला सगुण काठी टेकत आत आला. हाताने चाचपून त्याने खिळ्यावरच्या चिठ्ठ्या मोजल्या, मग कव्हर मांडीवर घेऊन शिवणीवरून अंगठा फिरवत बसला. सेजलने गौरेशकडे पाहिलं. आता हा बोलला नाही तर दुकानही गेलं आणि हाही गेला, एवढंच तिला कळत होतं.

"काका," गौरेश म्हणाला. "शिवण उसवली नाही. मी कापली. तिन्ही वेळा."

"कित्याक रे?"

"मला... इथे यायचं होतं. सेजलना भेटायला. नुसतंच यायचा धीर होत नव्हता. चिठ्ठ्यांचं मला ठाऊक नव्हतं, देवाशपथ. तुमच्या मुलीच्या शिवणीत खोट नाही. ब्लेड अजून गाडीतच आहे, हवं तर दाखवतो."

सगुणने तिन्ही चिठ्ठ्या खिळ्यावरून काढल्या आणि चाचपडत गौरेशच्या शर्टाच्या खिशात कोंबल्या. "ह्यो तुझ्यो," तो म्हणाला. "आनी परत येवचा आसात तर कव्हर कापू नको. आवशीक घेवन ये."

काठी टेकत तो निघूनही गेला. सेजलने मशीनवर बसून कापलेली शिवण पुन्हा घातली आणि कव्हर बाजूला सारलं. वर बघायची सोयच नव्हती. गौरेशने कव्हर आणि बटाटो कधी उचलले आणि तो कधी गेला, तेही तिला कळलं नाही.

रविवारी सकाळी दुकानासमोर गाडी थांबली. मागच्या सीटवर चेन उघडून अर्धं कव्हर दुमडलेलं, त्या स्वच्छ जागेवर कडक इस्त्रीच्या साडीत रुक्मिणीबाई, आणि उरलेल्या अर्ध्यावर दोन्ही कुत्रे दाटीवाटीने. सेजल पायऱ्या उतरली आणि सवयीने आधी शिवणीवरच हात फिरवून आली. टाका न् टाका जागेवर होता.

"आज काहीच नाही फाटलं?" तिने विचारलं.

"नाही," गौरेश म्हणाला.

"मग काय कारण काढून आलास?" तो 'तू' कधी तोंडातून निघाला, तिचं तिलाच कळलं नाही.

"आज कारण नाही आणलं," तो म्हणाला. "आईला आणलंय."

रुक्मिणीबाईंनी पदर झटकून पाहिला. एकही केस नव्हता. त्यांनी बटाटोला पलीकडे सारलं, सेजलचा हात धरला आणि म्हणाल्या, "चल गो बाय, आधी तुझ्या बाबांना भेटूया."