रविवारची नवरी

"बेन, पाच मिनिटं मिळतील का... म्हणजे, तुम्ही कामात नसाल तर—"

तोरलने मान वर केली. समोर एक उंच, सडपातळ तरुण उभा होता. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट आणि चेहऱ्यावर तोंडी परीक्षेला आल्यासारखा भाव. त्याची गुजराती अगदी कोरीकरकरीत होती, अजून घडीसुद्धा न मोडलेली.

"विचारा ना," ती म्हणाली. "आज तर मी नवरीच आहे."

आता गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी, कामातून मोकळी. सुरतेत हा शब्द माणूस दिवसातून दहादा वापरतो आणि विसरून जातो. पण हा गडी तीनच आठवड्यांपूर्वी अमळनेरहून आलेला, त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने आधी तिच्या मेंदी नसलेल्या हातांकडे पाहिलं, मग फुटपाथवर अंथरलेल्या निळ्या चटईकडे, मग तिच्यापुढच्या एकुलत्या एक थाळीकडे.

"अभिनंदन," तो म्हणाला. "आणि... ते कुठे गेले?"

"ते कोण? मी एकटीच आहे."

त्याचा चेहरा असा उतरला की तोरलला कळेचना, आपण असं काय बोललो. "येतील," तो हळूच म्हणाला. "आज गर्दी फार आहे रस्त्याला." आणि टॅबलेटवर कुठेतरी बोट टेकवून त्याने खूण केली. मुलगा थोडा चक्रम आहे पण डोळे चांगले आहेत, असं तोरलने मनाशी ठरवून टाकलं.

रविवारची संध्याकाळ म्हणजे सुरतेत कोणी घरात थांबत नाही. डुमस रोडच्या फुटपाथवर मैलभर चटया पडतात, घरून आणलेले डबे उघडतात, वर गाड्यांवरचं खाणं येतं. थंडीचे दिवस होते, पोंकाचा हंगाम. कोवळ्या ज्वारीचा भाजलेला वास, लिंबू-मिरीची शेव आणि कढईतून नुकतेच निघालेले पोंकवडे. प्रत्येक चटईवर दहा-बारा माणसं, आणि या सगळ्यात तोरल रेशमवाला एकटी मांडी घालून बसलेली. सहा दिवस ती कापडबाजारातल्या एका ऑफिसात दुसऱ्यांच्या साड्यांसाठी संगणकावर फुलं काढायची. सातव्या दिवशीची संध्याकाळ आणि त्या संध्याकाळचे पैसे तिचे स्वतःचे होते.

मुकुंद बडगुजर (ओळखपत्रावर नाव होतं) एका पाहणीसाठी फिरत होता. लोक आपली नवराश, म्हणजे फावला वेळ, कशी घालवतात आणि त्यावर किती खर्च करतात, हे कुठल्याशा कंपनीला हवं होतं. त्याच माणसाला सलग सहा रविवार तेच प्रश्न विचारायचे. तोरलने वेळ सांगितला, खर्च सांगितला, भेटवस्तू पाठवायला म्हणून घरचा पत्ताही दिला. मग प्रश्न आला, नवराश कोणाबरोबर घालवता? पर्याय चार होते. कुटुंब, मित्रमंडळी, सहकारी, इतर.

"एकटी," तोरल म्हणाली.

"एकटी असा रकाना नाही."

"मग करा."

"मला कसा करता येईल, बेन? वरून येतं हे सगळं."

"वरच्यांना सांगा, सुरतेत एक बाई आहे, ती रविवारी स्वतःच्या पैशांनी एकटी जेवते आणि तिला कोणी टाकलेलं नाही."

त्याने चारही पर्याय पुन्हा वाचले. मग 'इतर'पुढच्या रेघेवर त्याने एक एक अक्षर शोधून लिहिलं, एकटी. तोरलने टॅबलेटमध्ये डोकावून पाहिलं आणि म्हणाली, पुढे राजीखुशीने असंही लिहा. त्याने तेही लिहिलं.

दुसऱ्या रविवारी तो बरोबर त्याच वेळी हजर. तिने त्याच्यापुढे पोंक सरकवला तर म्हणाला, हा तर आमचा हुरडा. तुमचा असेल तर अमळनेरला ठेवा, इथे हा पोंक आहे, ती म्हणाली. तो हसला की डावीकडे एक खळी पडते, हे तिने त्या दिवशी पाहिलं आणि आपण पाहिलंच नाही असं स्वतःला बजावलं. बोलता बोलता तिने वडेवाल्याकडे बोट दाखवलं. "संध्याकाळी त्याला श्वास घ्यायला फुरसत नाही. दुपारी या, दुपारी तो नवरोच असतो."

मुकुंदला असा ठसका लागला की शेजारच्या चटईवरच्या मावशी ताकाचा पेला घेऊन धावल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो हसत होता, खोकत होता, आणि काय झालं ते काही केल्या सांगत नव्हता. "काही नाही... तिखट लागलं," एवढंच. वडा तर गोडसर होता.

घरी कुसुमफोई वाटच पाहत असायची. फोई म्हणजे वडिलांची बहीण. तोरलची आई गेल्यापासून घर तिच्याच तालावर चालायचं. "पैसे काय झाडाला लागतात? कमवायचं आणि रस्त्यावर बसून खायचं. आणि बसायचं तेही एकटीने, लोकांनी काय समजायचं?" पप्पा वर्तमानपत्रामागे असायचे. तोरल चटईची गुंडाळी कोपऱ्यात ठेवायची. तिला आई आठवायची. तीही दर रविवारी डुमस रोडला जायची, पण सगळ्या खानदानाचे डबे भरून. सकाळपासून थेपले लाटायचे, संध्याकाळी वाढायचे, आणि सगळ्यांचं झालं की उरलेलं गार खायचं. ही निळी चटई आईचीच. तिच्यावर आईला नीट मांडी घालून बसलेली तोरलने कधी पाहिली नाही, आणि म्हणूनच ती स्वतः ऐसपैस बसायची.

चौथ्या रविवारी एक गंमत झाली. "तोरल, मागच्या आठवड्यात नाटक, सिनेमा—" मुकुंदने सुरुवात केली.

"थांबा. माझं नाव आज अर्धंच आलं."

"अं?"

"तीन रविवार तोरलबेन होते. बेन कुठे सांडली?"

तो कानापर्यंत लाल झाला. कंपनीचा नियम होता, प्रत्येक बाईला बेन म्हणायचं. "चुकलं," तो म्हणाला. "पुन्हा... लावू का?"

तोरलने वड्याचा तुकडा तोडला, चटणीत बुडवला, सावकाश खाल्ला. "राहू दे," ती म्हणाली. "उगाच लांब वाटतं."

पाचवा रविवार संक्रांतीच्या तोंडावर आला. आभाळभर पतंग होते. एक कटलेला पतंग भिरभिरत येऊन झाडात अडकला आणि त्याचा गुलाबी मांजा तोरलच्या ओढणीत, केसांत गुंतून बसला. एक हिसका दिला असता तर क्षणात तुटला असता. मुकुंदने तो तोडला नाही. तो चटईच्या कडेला टेकला आणि एक एक वेढा सोडवत राहिला, मान खाली घालून, श्वाससुद्धा बेताने घेत. तोरल हलली नाही. तिच्या कानामागून त्याची बोटं गेली तेव्हा तिला वाटलं, हा मांजा आणखी चार हात लांब असता तर काय बिघडलं असतं.

"पुढचा रविवार शेवटचा," गुलाबी झालेल्या बोटांनी मांजा गुंडाळत तो म्हणाला. "सोमवारी मला राजकोटला पाठवतायत."

तिने त्याचा नंबर मागितला नाही. त्यानेही दिला नाही. ज्यांना प्रश्न विचारायचे त्यांच्याशी ओळख ठेवायची नाही, असाही एक नियम होता. तोरलचा अहंकार काही कमी नव्हता. पुढच्या रविवारी बघू, असं म्हणून ती उठली.

आणि नेमका तोच रविवार फोईने ठरवून ठेवला होता. जेनिश नावाचा मुलगा, कापडाची दोन दुकानं, त्याची आई रंजनबेन, संध्याकाळी पाच वाजता. तोरल नाहीच म्हणाली असती, पण पप्पा पहिल्यांदा वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "बेटा, एकदा भेट फक्त." तिने सहापर्यंत थांबायचं कबूल केलं.

साडेपाचपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. जेनिश सज्जन होता, खमण खात होता आणि आईकडे बघून मान हलवत होता. तेवढ्यात बेल वाजली. हल्ली कुरिअरवाल्यांनाही रविवार नसतो. फोईने पाकीट घेतलं, पण सही करताना ते रंजनबेनच्या मांडीशेजारी ठेवलं, आणि रंजनबेनना आलेलं पाकीट न वाचता राहवत नव्हतं.

"नवदांपत्य श्रीमती तोरल आणि त्यांचे पती," त्यांनी मोठ्याने वाचलं, "यांना आमच्या पाहणीत भाग घेतल्याबद्दल दोघांच्या भोजनाची सप्रेम भेट."

जेनिशने खमणाचा तुकडा खाली ठेवला.

तोरलच्या डोक्यात सणकन राग गेला. नवदांपत्य? कोणी लिहिलं हे? लिहिणारा एकच होता. चेष्टा केली आपली, पाच रविवार समोर बसून! फोई घाईघाईने सांगत होती की कंपनीची चूक असणार, हल्ली काय वाटेल ते छापतात. रंजनबेन समंजस होत्या. त्यांनी कार्ड पुन्हा पाकिटात घातलं.

"चूकच असेल, आम्ही काही मनावर घेत नाही," त्या म्हणाल्या. "पण मुली, असले फिरते लोक तुला भेटले कुठे? फुटपाथवर एकटी बसतेस म्हणून ऐकलं. ते मात्र बंद होईल हं. आमच्याकडे रविवारी तीस माणसं जमतात. सुना पाळीपाळीने करतात. तुझी आई पण करायचीच की, सगळी सुरत सांगते."

फोईने तोरलकडे पाहिलं. नुसती मान हलवली की झालं, असं त्या नजरेत होतं. कार्डाची गोष्ट मिटली होती, मुलगा चांगला होता, दुकानं दोन होती. घड्याळात सहाला दहा कमी होते.

"तुमचं बरोबर आहे," तोरल म्हणाली. "कार्डावर लग्नाचं लिहिलंय ती चूक आहे. पण रविवारचं जे ऐकलंत, ते खरं आहे. मी एकटी बसते, माझ्या पैशांचं खाते, आणि गरम खाते. माझ्या आईला ते एकदाही मिळालं नाही. बाकी काय मागायचं ते मागा, रविवार मी आंदण देणार नाही."

"तोरल," फोई म्हणाली.

"फोई, रागव. पण रात्री रागव, आत्ता मला उशीर होतोय."

ती कार्ड उचलून दाराशी गेली आणि चटई शोधू लागली. चटई पप्पांच्या हातात होती. ते कधी उठले कोणालाच कळलं नव्हतं. त्यांनी ती तिच्या काखेत नीट खोचली.

"जा," ते म्हणाले. "गरम असेल तोवर खा."

मुकुंद नेहमीच्या जागी फुटपाथच्या कडेवर बसला होता. शेजारी दोन थाळ्या, वर कागद झाकलेला. तिला पाहून तो धडपडत उभा राहिला. तोरलने चटई अंथरली नाही. आधी कार्ड त्याच्यापुढे धरलं.

"हे काय आहे? मी कोणाची श्रीमती?"

त्याने कार्ड वाचलं. खळी पडायला लागली होती ती त्याने कशीबशी आवरली. "पहिल्या दिवशी तू म्हणालीस, आज मी नवरी आहे."

"होतेच. मग?"

"आमच्या भाषेत नवरी म्हणजे... जिचं लग्न लागतंय ती."

तोरलचं तोंड उघडं राहिलं. अभिनंदन. ते कुठे गेले. येतील, आज गर्दी फार आहे. सगळं एकदम आठवलं, आणि राग होता तिथून हसू यायला लागलं. पण ती इतक्यात सोडणार नव्हती. "आणि नवरो?"

"नवरा म्हणजे... पती."

"म्हणजे तो वडेवाला दुपारी—" ती तिथेच खाली बसली. हसून हसून तिचे डोळे भरले. मग एकदम थांबून म्हणाली, "म्हणजे दुसऱ्याच रविवारी तुला कळलं होतं. दुरुस्त का नाही केलंस?"

मुकुंदने टॅबलेट बंद केला, बाजूला ठेवला. "कारण पहिल्या दिवशी मी तुला नवदांपत्यांत घातलं होतं. दुरुस्त केलं असतं तर वरच्यांनी त्या यादीतून तुझं नाव काढलं असतं. मग मला दुसरं कोणी शोधावं लागलं असतं, आणि उरलेले रविवार..." तो अडखळला. "खोटं होतं ते. पण मला तुझे रविवार हवे होते. घ्यायला नव्हे. नुसते... कडेला बसायला."

तोरलने त्याच्याकडे नीट पाहिलं. आज दिवसभरात तिच्या रविवारचा विषय पुष्कळ जणांनी काढला होता. कडेला बसायला कोणी मागितला नव्हता.

"प्रश्न विचारायचे नाहीत का? शेवटचा आहे ना आज."

त्याने टॅबलेट पुन्हा हातात घेतला. वेळ, खर्च, सगळं झालं. "नवराश कोणाबरोबर?" त्याने विचारलं. "नेहमीचंच लिहू? एकटी, राजीखुशीने?"

तिने निळी चटई झटकून अंथरली, मधोमध ऐसपैस बसली. मग थोडी सरकली. फार नाही, एक माणूस बसेल एवढीच.

"लिही, एकटीच होते. आज मी जागा केली. आणि राजीखुशीने खोडू नकोस."

तो बसला. वडे अजून गरम होते. पहिला तिने खाल्ला.

"राजकोटला रविवारी सुट्टी असते ना?" तिने विचारलं. "मग पुढच्या रविवारी तू नवरो आहेस का?"

मुकुंदच्या हातातला वडा हातातच राहिला. "हे... गुजरातीत विचारतेस की मराठीत?"

"आत्ता गुजरातीत," तोरल म्हणाली. "मराठीत विचारायचं की नाही, ते मी आणखी सहा रविवार बघून ठरवीन."